एका रविवारी चढते, पुढच्या रविवारी अडकते: खाऱ्या नदीच्या रॅम्पवर ट्रेलर घसरण्याच्या तक्रारीचे निवारण

गोव्यातल्या शापोरा, मांडवी, जुवारी किंवा साळ नदीच्या काठच्या सार्वजनिक रॅम्पवरून ट्रेलरने होडी पाण्यात सोडणाऱ्या हौशी मंडळींची एक तक्रार वर्षानुवर्षे जवळपास त्याच शब्दांत ऐकू येते. सकाळी होडी विनासायास पाण्यात उतरते. संध्याकाळी ती वर घेताना मात्र गाडीची चाके जागच्या जागी फिरू लागतात, ट्रेलर इंचभर पुढे येऊन हातभर मागे जातो, आणि शेवटी कुणाचा तरी ट्रॅक्टर शोधावा लागतो. मग टायरला दोष दिला जातो, गाडीला दिला जातो, रॅम्प बांधणाऱ्यालाही दिला जातो. पुढच्या रविवारी तीच गाडी त्याच ट्रेलरवरची तीच होडी सहज वर ओढते, विषय मागे पडतो, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तोच प्रकार पुन्हा घडतो.

या आलटून-पालटून येण्यातच बिघाडाचे निदान आहे. टायर झिजलेला असता किंवा रॅम्पचा चढ फारच उभा असता, तर अडचण दर वेळी आली असती. आठवड्याआड जी बदलते ती फक्त पाण्याची पातळी, आणि माझ्या मते या तक्रारीत घड्याळाआधी ती पातळी विचारली पाहिजे. पुढील विवेचन साडेचार ते साडेपाच मीटर लांबीच्या, मागे आउटबोर्ड इंजिन असलेल्या फायबरच्या होडीसाठी आणि साध्या गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरसाठी आहे. रायबंदर–चोडण किंवा केरी–तेरेखोल अशा चालू फेरीसेवेच्या रॅम्पला ते लागू करू नये. तेथे फेरीबोट वेळापत्रकाप्रमाणे काठाला लागत असते, आणि खासगी ट्रेलर मध्ये अडकला तर नदीपलीकडच्या गावाचा रस्ताच बंद होतो.

आधी तिथी पाहावी

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला तिथीचा अंक १५ धरल्यास उत्तर सव्वाअकरा येते, म्हणजे उधाणाच्या (सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवशी दुपारच्या तोंडावर पूर्ण भरती असते आणि सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला उत्तर सहा येते, म्हणजे भांगाच्या (सर्वांत लहान भरती-ओहोटीच्या) दिवशी भरती सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी सहा-साडेसहाला असते, तर ओहोटी भर दुपारी.

आता सुट्टीचा दिवस या चौकटीत बसवून पाहावा. सकाळचा बाजार किंवा चर्चमधली मिस्सा आटोपून माणूस दहा-अकराच्या सुमारास रॅम्पवर येतो आणि अंधार पडण्याआधी, पाच-साडेपाचला परततो. रविवारी पौर्णिमा असेल तर त्याने होडी पूर्ण भरतीला उतरवली आणि पंधरवड्यातील सर्वांत खालच्या पाण्यात ती वर काढायचे ठरवले, असे होते. पुढच्या रविवारी सप्तमी-अष्टमी असते, त्यामुळे तो परततो तेव्हा पाणी चढत असते आणि काहीच अडत नाही. चंद्राच्या पंधरवड्याचा अर्धा भाग सात दिवसांहून थोडाच मोठा असल्यामुळे रविवारांची ही चांगली-वाईट जोडी कित्येक आठवडे टिकते आणि मग दीड-दोन महिन्यांत हळूहळू सरकून वेगळ्या वेळांवर जाते. तेवढ्या काळात कुणी टायर बदललेले असले, तर श्रेय टायरला मिळते.

पातळीतील फरकही लहान नाही. मुरगाव बंदराच्या परिसरात उधाणाच्या भरती-ओहोटीत सव्वादोन मीटरच्या आसपास अंतर पडते, भांगाला ते एक मीटरच्या आत-बाहेर राहते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. पहाटेच्या ओहोटीला रॅम्पचे टोक उघडे पडले म्हणून संध्याकाळीही ते पडेलच असे नाही, आणि उलटही तसेच. म्हणून तिथीचा हिशेब दिवस निवडण्यापुरता वापरावा आणि प्रत्यक्ष आकडा कोष्टकातून घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावर अंदाज विनामूल्य पाहता येतो. कोष्टकात मुरगावसाठी दिलेली वेळ नदीत आत जावे तशी उशिराने लागू पडते. मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो, त्यामुळे मुखाजवळच्या रॅम्पचा आणि आतल्या गावातल्या रॅम्पचा फरक प्रत्येकाने आपल्या ठिकाणी घड्याळ लावून एकदा पाहून ठेवणे बरे.

पाणी खाली गेले की गाडी का घसरते

खाऱ्या पाण्याच्या रॅम्पचे दोन पट्टे मानता येतात. वरचा पट्टा उधाणालाच थोडा वेळ भिजतो, बाकीचा वेळ उन्हात वाळतो, म्हणून तेथे काँक्रीट खरखरीत राहते. त्याखालचा पट्टा रोज दोनदा पाण्याखाली जातो आणि ओला असतानाच पुन्हा झाकला जातो. तेथे हिरव्या शेवाळाचा बुळबुळीत थर, गाळाची साय आणि कडेला कालवांची धारदार कवचे असतात. या दोन पट्ट्यांमधली सीमारेषा रंगावरून डोळ्यांना स्पष्ट दिसते. पुढे तिला शेवाळरेषा म्हणू. घसरण्याचे सगळे गणित गाडीचे ओढणारे चाक या रेषेच्या वर आहे की खाली, यावर अवलंबून असते.

हिशेबासाठी असा रॅम्प धरू की ज्यावर आठ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खोली मिळते. होडी, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून ८०० किलो आणि गाडी १५०० किलो धरली, तर एकूण २३०० किलोंचा सुमारे आठवा हिस्सा, म्हणजे जवळपास २९० किलोंचा जोर सतत खाली ओढत असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या आसावर सुमारे ८०० किलो भार असतो. कोरड्या खरखरीत काँक्रीटवर त्यातला निम्म्याहून अधिक भाग पकड म्हणून मिळतो, म्हणजे चारशेहून अधिक किलो, आणि गाडी चढते. शेवाळावर पकड भाराच्या सहाव्या-सातव्या हिश्शापर्यंत उतरली असे धरले, तर हाती १२० किलोच राहतात. २९० किलोंचे काम १२० किलोंत होत नाही, मग इंजिन कितीही ताकदीचे असो.

याच हिशेबातून एका प्रचलित उपायाचा फोलपणाही दिसतो. पिकअपच्या हौद्यात रेतीच्या पिशव्या टाकून मागचा भार वाढवण्याची पद्धत आहे. २०० किलो रेती टाकली तर शेवाळावर पकड सुमारे ३० किलोंनी वाढते, पण तीच रेती चढावर स्वतः २५ किलोंनी खाली ओढते. पाच किलोंच्या लाभासाठी एवढी हमाली करण्यात अर्थ नाही. शेवाळरेषेच्या वर मात्र तीच रेती खरोखर उपयोगी पडते, फक्त तेथे तिची गरज सहसा पडत नाही. बॉनेटवर दोन पोरांना बसवण्याच्या प्रथेचे गणितही असेच आहे, आणि तिच्यात गाडीसमोर माणूस पडण्याचा धोका वाढतो, म्हणून ती सोडून द्यावी.

आपल्या रॅम्पची कामाची पातळी काढणे

या तक्रारीवरचा खरा उपाय मोजपट्टीने होतो आणि त्याला एकच सकाळ लागते. आपल्याला एक आकडा शोधायचा आहे: पाणी किती मीटरच्या खाली गेले, की आपल्या गाडीचे ओढणारे चाक शेवाळात जाते.

मोठ्या ओहोटीला, जाड तळव्याचे बूट घालून, रॅम्पच्या कडेने चालत शेवाळरेषेपर्यंत जावे आणि भरतीचे पाणी त्या रेषेला टेकेपर्यंत थांबावे. त्या क्षणी कोष्टकाप्रमाणे असलेली पातळी म्हणजे शेवाळरेषेची उंची. कोष्टकात फक्त पूर्ण भरतीचे आणि पूर्ण ओहोटीचे आकडे असतात, मधल्या वेळेसाठी बाराव्या भागांचा हिशेब चालतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण वाढीचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. समजा, आपल्या रॅम्पवर शेवाळरेषा १.२ मीटरवर निघाली.

मग गाडी आणि ट्रेलर सपाटीवर जोडून अंतरे मोजावीत. होडी ट्रेलरवर तरंगत यायची तर ट्रेलरच्या आसापाशी सुमारे अर्धा मीटर पाणी लागते, म्हणजे वर धरलेल्या उतारावर आस पाण्याच्या कडेपासून चार मीटर आत जातो. ट्रेलरच्या आसापासून गाडीच्या पुढच्या चाकापर्यंत साडेसात मीटर अंतर भरले, तर पुढचे चाक पाण्याच्या कडेपासून साडेतीन मीटर वर राहते. हे चाक शेवाळरेषेवर किंवा तिच्या वर राहायला पाणी १.२ मीटरपेक्षा फार तर ४४ सेंटिमीटर खाली असावे लागते, म्हणजे कामाची पातळी सुमारे ०.७६ मीटर येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे ओढणारे चाक याहून २.६ मीटर मागे, पाण्याच्या कडेपासून जेमतेम ९० सेंटिमीटरवर असते, त्यामुळे तिला १.१ मीटरच्या आसपास पाणी लागते.

या फरकाकडे अनेकांचे लक्ष जात नाही. चढावर भार मागे सरकतो आणि ट्रेलरचा हुक मागच्या आसाला दाबतो, म्हणून मागच्या चाकांची पिकअप या कामाला उत्तम, असे सर्रास सांगितले जाते. कोरड्या काँक्रीटवर ते खरेही आहे. उधाणाच्या संध्याकाळी मात्र तिची ओढणारी चाके साध्या कुटुंबाच्या गाडीपेक्षा आधी शेवाळात शिरतात. चारही चाकांना जोर पोहोचवणारी गाडी या दोन्ही अडचणींतून बऱ्याच अंशी सुटते, कारण तिची निदान दोन चाके वरच्या पट्ट्यात सापडतात.

निघालेला आकडा ट्रेलरच्या दांड्यावर रंगाने लिहून ठेवावा. त्यानंतर दिवस ठरवताना परतीच्या वेळेची पातळी त्याच्याशी ताडून पाहिली, की पुढचे बहुतेक प्रसंग टळतात. उधाणाच्या रविवारी एकतर दुपारी तीनच्या आत परतावे किंवा रात्री आठपर्यंत पाणी चढण्याची वाट पाहण्याच्या तयारीने, दिवे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन जावे. भांगाच्या दिवशी पाणी दिवसभर मधल्या पातळीला रेंगाळते, म्हणून नवशिक्याने अष्टमीच्या आसपासचा दिवस धरावा. भरपूर पाणी दिसते म्हणून पौर्णिमा निवडण्याचा मोह होतो. त्या दिवशी खाली गेलेले पाणीही तेवढेच भरपूर असते.

पाणी खाली गेलेच असेल तर

पहिला उपाय थांबण्याचा आहे आणि तो सर्वांत स्वस्त आहे. होडी काठापासून थोडी दूर नांगरावी किंवा धक्क्याला सैल दोराने बांधावी. दोर आखूड बांधला तर उतरत्या पाण्यात होडी लटकते, चढत्या पाण्यात तिचे नाक खाली ओढले जाते. रिकामा ट्रेलर आणि गाडी रॅम्पच्या बाहेर न्यावीत. उधाणाला १.८ मीटरची वाढ असेल, तर मधल्या एका तासात पाणी ४५ सेंटिमीटर चढते आणि वर धरलेल्या उतारावर ते साडेतीन मीटरहून अधिक आत येते. चहा प्यायला गेलेल्या माणसाच्या गाडीची मागची चाके परत येईपर्यंत खाऱ्या पाण्यात उभी असतात, ती यामुळेच.

थांबणे शक्य नसेल तर गाडी आणि ट्रेलर यांच्यातील अंतर वाढवणे, हा दुसरा चांगला उपाय. पाच मीटरचा मजबूत पॉलिएस्टरचा पट्टा मध्ये घातला, तर गाडी पाच मीटर वर उभी राहते आणि कामाची पातळी सुमारे ६२ सेंटिमीटरने खाली येते. पुढच्या चाकांच्या गाडीचा वरचा ०.७६ मीटरचा आकडा एकदम ०.१४ मीटरवर जातो, म्हणजे जवळपास कोणत्याही ओहोटीला काम होते. यासाठी ट्रेलरच्या नाकाखाली आधाराचे चांगले चाक हवे. पट्टा जोडून हुक सोडवण्याचे काम रॅम्पच्या माथ्यावर, सपाट जागी, ट्रेलरच्या दोन्ही चाकांमागे लाकडी ठोकळे लावून करावे, उतारावर कधीही करू नये. पट्टा पूर्ण ताणला गेला आहे हे पाहूनच ठोकळे काढावेत आणि ट्रेलर सावकाश खाली सोडावा. एक माणूस बाजूने चालत ट्रेलरचे नाक सरळ ठेवील. पट्ट्याच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणीही उभे राहू नये. नायलॉनचा दोर या कामाला घेऊ नये, कारण तो ताणाखाली लांबतो आणि तुटला तर चाबकासारखा परततो.

पट्टा नसेल तर ओढणाऱ्या चाकांपुढे काथ्याच्या जाड चटया किंवा जुने रबरी पट्टे अंथरता येतात. शेवाळ आधी फावड्याने खरवडून, वर थोडी वाळू टाकून मग चटई घालावी, नाहीतर चटईच घसरते. फिरणारे चाक चटई मागे भिरकावते, म्हणून त्या बाजूला माणूस नको. गाडी हलवताना ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवत ठेवणे निरुपयोगी असते, कारण एकदा चाक सुटून फिरू लागले की उरलेली पकडही कमी होते आणि शेवाळाचा थर आणखी गुळगुळीत होतो. क्लच हळू सोडून, शक्य तेवढ्या कमी जोराने पहिला हात-दोन हात मिळवावा. टायरमधली हवा कमी करण्याचा उपाय वाळूत कामाचा आहे. काँक्रीटवरच्या शेवाळात त्याचा फारसा फरक पडत नाही.

हँडब्रेकबद्दल एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि ट्रेलर पाण्यात असताना नेमकी तीच चाके शेवाळात उभी असतात. ब्रेक घट्ट लागलेला असूनही अख्खी गाडी सावकाश पाण्याकडे सरकू शकते. चालकाने गाडी सोडून होडी बांधायला जाऊ नये. दुसरे माणूस नसेल तर पहिला गिअर टाकून, पुढच्या चाकांमागे ठोकळे लावूनच उतरावे. गाडी मागे घेताना मुले आणि बाकीचे प्रवासी आधी उतरलेले असावेत, चालकाच्या काचा खाली असाव्यात आणि त्याचा सीटबेल्ट सुटलेला असावा.

शेवाळ नसतानाही अडकत असेल तर

पाणी कामाच्या पातळीच्या वर असूनही ट्रेलर येत नसेल, तर कारण वेगळे असते, आणि त्यातले सर्वांत त्रासदायक कारण रॅम्पच्या टोकाला दडलेले असते. होडी ट्रेलरवर चढवताना विंचने (ट्रेलरवरच्या, दोर गुंडाळणाऱ्या हातरहाटाने) ओढण्याऐवजी इंजिनाचा जोर देऊन तिला वर ढकलण्याची सवय हल्ली फार बोकाळली आहे. पंख्याचा झोत काँक्रीटच्या टोकाखालची माती उकरतो, तेथे खड्डा पडतो आणि उकरलेली माती थोडी पुढे जाऊन उंचवटा बनवते. पुढे कुणाचा तरी ट्रेलर टोकावरून त्या खड्ड्यात उतरतो, आस काँक्रीटच्या कडेला अडतो, आणि गाडी कितीही ओढली तरी कड आसाला सोडत नाही. चाके फिरल्यामुळे हाही प्रकार शेवाळाच्या खात्यावर जमा होतो. ओळखायची खूण अशी की ट्रेलर एका ठरावीक जागी ठक्क आवाज करून थांबतो, मागे सोडला तर सहज जातो, आणि पुढे ओढला की पुन्हा त्याच जागी थांबतो.

अशा वेळी जोराने हिसके देणे म्हणजे आस वाकवणे. होडी अजून तरंगत असेल तर ती ट्रेलरवरून मागे पाण्यात सोडून द्यावी. हलका झालेला ट्रेलर चार माणसांना बाजूने उचलून कडेवर घेता येतो. होडी ट्रेलरवर बसलेली असेल तर पाणी चढण्याची वाट पाहावी, कारण होडी तरंगू लागली की तिचा भार आपोआप उतरतो. खड्ड्याची जागा उधाणाच्या ओहोटीला बांबूने चाचपून काढावी आणि माथ्यापासूनचे तिचे अंतर कळले, की ट्रेलरची चाके कुठवर नेता येतील याची खूण बाजूच्या कठड्यावर करावी. विंचचा दांडा फिरवायला दोन मिनिटे जास्त लागतात, पण सार्वजनिक रॅम्प टिकवायचा असेल तर इंजिनाने होडी चढवणे बंद झालेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण ट्रेलरच्याच चाकात असते. वीस-पंचवीस किलोमीटरच्या प्रवासाने चाकाचा हब तापतो. तसाच तो पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि खारे पाणी आत शोषले जाते. ग्रीस दुधाळ होते, बेअरिंगला गंज चढतो आणि काही महिन्यांनी चाक जड फिरू लागते किंवा पुरते आवळते. माथ्यावर जॅक लावून दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. खरखर जाणवली किंवा एक चाक लवकर थांबले तर दोष सापडला. रॅम्पवर आल्यावर हबला हात लावता येईल इतका तो थंड होईपर्यंत थांबावे, पाण्याला न जुमानणारे मरीन ग्रीस वापरावे आणि परतल्यावर चाके, स्प्रिंगा व विंच गोड्या पाण्याने धुवावीत.

होडीत साचलेले पाणी हे तिसरे कारण. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोंहून थोडे जास्त वजन, आणि चढावर ते मागच्या टोकाकडे धावत असल्याने ट्रेलरचे नाक उचलले जाऊन गाडीच्या मागच्या आसावरचा भार कमी होतो. होडीचे मागचे टोक पाण्याबाहेर आले आणि गाडी शेवाळरेषेच्या वर पोहोचली, की थांबून बूच काढावे. मात्र ते पुन्हा लावल्याशिवाय पुढच्या वेळी होडी उतरवू नये.

होडी ट्रेलरवर तिरकी बसत असेल तर दोष बहुधा प्रवाहाचा असतो. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत नदीचे पाणी रॅम्पला आडवे वेगाने वाहते, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून येणारा समुद्री वारा त्यात भर घालतो. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना उभे मार्गदर्शक नळ लावले की होडी सरळ बसते.

पावसाळ्यानंतरचा रॅम्प

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात आणि त्यानंतरच्या पावसात रॅम्पवर वर्दळ कमी असते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये. त्या पुराने आणलेला तांबडा गाळ रॅम्पच्या खालच्या भागावर बसतो. शापोरा नदीत त्याशिवाय वरच्या अंगाच्या तिळारी धरणातून सोडलेल्या पाण्याचाही परिणाम जाणवतो. म्हणून मागच्या मे महिन्यात काढलेली कामाची पातळी ऑक्टोबरमध्ये जशीच्या तशी धरू नये. शेवाळरेषा पुन्हा पाहावी आणि टोक पुन्हा चाचपावे.

गाळ व शेवाळ काढण्यासाठी ओहोटीला फावडे आणि तारेचा ब्रश पुरतो. वरून खाली काम करत जावे, म्हणजे आपण स्वच्छ केलेल्या भागावर उभे राहतो आणि पाणी चढू लागले की माघारीची वाट मोकळी असते. कालवांचा कडेचा पट्टा मात्र उतरताना आणि चढताना दोन्ही वेळा टाळावा. ब्लीचिंग पावडर किंवा ॲसिड ओतण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. त्याने शेवाळ जाते, पण चार पावलांवर खारफुटीची मुळे, कालवे आणि मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) खाजनात (नदीकाठच्या सखल शेतजमिनीत) जाणारे पाणी असते, तेव्हा हा उपाय पूर्णपणे वर्ज्य समजावा. कालवांच्या कवचाने पाय कापला तर जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवावी, आणि सूज किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

काँक्रीटवर आडव्या खाचा पाडणे किंवा टोकाचा खड्डा दगडांनी भरणे ही कामे परस्पर करू नयेत. नदीपात्रातील सार्वजनिक बांधकामाला हात लावायला परवानगी लागते, आणि सैल टाकलेले दगड पुढच्या उधाणात होड्यांच्या पंख्याखाली येतात. पंचायत आणि बंदर कप्तान खाते या दोन्हीकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात नुसते ‘रॅम्प खराब झाला आहे’ असे लिहिल्यास पाहणीला येणारा माणूस नेमका भरतीला येतो आणि त्याला पाण्याखेरीज काही दिसत नाही. त्यामुळे खड्ड्याचे माथ्यापासूनचे अंतर, त्याची खोली, मोजपट्टी लावून ओहोटीला काढलेले छायाचित्र, छायाचित्राची तारीख आणि वेळ, तसेच कोष्टकाप्रमाणे त्या वेळची पातळी अर्जात द्यावी, आणि पुढील पंधरवड्यातील ज्या दिवशी व ज्या वेळी रॅम्पचे टोक उघडे पडणार आहे, ती वेळ पाहणीसाठी सुचवावी.